वळणावरची बकरी

शेपूटकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. डोंगरावर चढणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीला डबे पाच, प्रत्येक डब्यात एक ब्रेकवाला, आणि काका सलग एकतीस वर्षं शेवटच्या, म्हणजे शेपटाच्या डब्यात. म्हणून शेपूटकाका. लग्न होऊन आल्यावर आपण आपोआप शेपूटकाकू झालो आहोत हे त्यांच्या बायकोला कळलं, तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी मीठ कुठे आहे हे विचारावंच लागलं, म्हणून तो सुटला.

गाडी एकशे बारा वर्षांची. तिला सरकारने वारसा ठरवलं होतं. वारसा म्हणजे काय, तर मोडलं तरी दुरुस्त करायची सोय नाही. काकांच्या डब्यातल्या ब्रेकच्या चाकाची खिट्टी झिजली होती. चाक आवळलं की ती खिट्टी दातात अडकून बसायला हवी, म्हणजे हात सोडता येतो. ही बसायचीच नाही. काकांनी तीन वर्षांत सात अर्ज केले. उत्तर एकच, मूळ खिट्टीसारखी खिट्टी मिळेपर्यंत नवी बसवता येणार नाही, वारसा बिघडतो. तेव्हा चाक आवळायचं आणि दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, असा त्या डब्याचा वारसा होता.

ब्रेक कधी आवळायचा हे इंजिनावरचा ड्रायव्हर शिट्टीने सांगायचा. एक शिट्टी म्हणजे सोडा. दोन म्हणजे अर्धा आवळा. तीन म्हणजे गच्च. इंजिन दिसायला दांडगं, पण शिट्टी अगदी बारीक, पर्यटक ती ऐकून हसायचे. ब्रेकवाले हसत नसत. त्यांच्या कानातून ती थेट हातात उतरायची, मध्ये डोकं लागतच नसे. एकदा चौकातल्या पोलिसाने तीनदा शिट्टी वाजवली, तर काकांनी सायकलचे दोन्ही ब्रेक असे आवळले की मागून येणारा दूधवाला त्यांच्या कॅरिअरवर येऊन बसला.

काकूंनी हे हेरलं नसतं तरच नवल. नवऱ्याला हाक मारून काही उपयोग होत नाही, शिट्टी मारली की तो जागच्या जागी थांबतो, हा शोध त्यांना लग्नानंतर महिन्याभरात लागला. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला त्या लहानपणी भावांकडून शिकल्याच होत्या. त्यानंतर घर शिट्टीवर चाललं. पाहुण्यांपुढे काकांची गाडी भलतीकडे उतरायला लागली की स्वयंपाकघरातून दोन शिट्ट्या, काका आवाज उतरवत. साखरेच्या डब्याकडे हात गेला की तीन, हात हवेतच. एक शिट्टी म्हणजे जा आता, काय करायचं ते करा. शेजाऱ्यांनी सुरुवातीला तक्रार केली, पुढे त्यांच्याही बायका शिकायला यायला लागल्या. ड्रायव्हर तर म्हणायचा, "काकू, माझ्या इंजिनाची शिट्टी बिघडली ना, की तुम्हालाच शेजारी बसवतो. कुणाला फरक कळायचा नाही."

आता त्या वळणाविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथलाच.

अर्ध्या वाटेवर एक वळण होतं. तिथे उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला डोंगर एकदम बाजूला व्हायचा आणि खालची सगळी दरी उघडी पडायची. वरच्या स्टेशनवरून ती दिसत नसे, पायी जायला वाट नव्हती, रुळावरून चालायला बंदी. दिसणार ते फक्त गाडीतून, आणि तेही जेमतेम सात सेकंद. लोक त्या सात सेकंदांसाठी कुठून कुठून यायचे. पण नेमका तिथेच रूळ जरासा खाली उतरून पुन्हा वर चढायचा, दोन शिट्ट्या व्हायच्या, आणि ब्रेकचं चाक होतं डब्याच्या उजव्या भिंतीला. म्हणजे डबाभर लोक डावीकडे बघून "अहाहा" म्हणत असताना काका दरीकडे पाठ करून चाक धरून उभे. येताना तेच, जाताना तेच. एकदा त्यांनी नुसती मान वळवून बघायचा प्रयत्न केला. मान तिथेच राहिली. पंधरा दिवस गळ्यात पट्टा घालून हिंडले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, एका म्हातारीचं गाठोडं वर ठेवायला गेलो होतो.

सुट्टीच्या दिवशी जाऊन का नाही बघितलं, असं तुम्ही विचाराल. सुट्टीच्या दिवशी आपल्याच कामावर हौसेने जाणारा माणूस तुम्ही बघितला आहे का? काका सुट्टीच्या दिवशी झोपायचे.

तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी मटार सोलता सोलता विचारलं, "त्या वळणावरून काय दिसतं हो?"

नवी बायको, समोर बसलेली, डोळे मोठे करून. अशा वेळी "मला पाठ असते, मी काही बघितलेलं नाही" असं सांगायला माणूस फार धीट लागतो. काका म्हणाले, "तळं दिसतं." प्रवासी तळं, तळं म्हणायचे, तेवढं त्यांना ऐकून माहीत होतं.

"मग?"

"मग... तळ्याकाठी एक घर आहे. पांढरं. दार लाल."

"मग?"

"एक बाई कपडे वाळत घालत असते."

मटार संपेपर्यंत त्या बाईला नवरा आला होता, नवऱ्याला मिशा आल्या होत्या आणि अंगणात एक पांढरी बकरी बांधली गेली होती. दुसऱ्या दिवशी काका कामावरून आले, तर बूट काढायच्या आत काकूंनी विचारलं, "आज काय करत होती ती?" संपलं. तिथून जे सुरू झालं ते एकोणतीस वर्षं थांबलं नाही.

लाल दारातल्या त्या बाईला मुलगा झाला. नवऱ्याने मिशा काढल्या आणि त्यावरून भांडण झालं. बकरीला ताप आला, तेव्हा काकू तीन दिवस नीट जेवल्या नाहीत. काकांना रजा असली की काकूंचा जीव कासावीस, तिकडे काय चाललं असेल कोण जाणे. आपल्या घराचं दारही त्यांनी लाल रंगवून घेतलं. एकदा काका कंटाळले आणि त्यांनी ते अख्खं कुटुंब दूर गावी पाठवून दिलं. घरात असं सुतक पसरलं की आठवड्याभरात त्यांना बिऱ्हाडासकट परत आणावं लागलं. "तिकडचं पाणी मानवलं नाही म्हणे," काकांनी सांगितलं. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन लांब गेली, तीसुद्धा फोनवर आधी बकरीची चौकशी करायची, मग बापाची.

मात्र "मला एकदा घेऊन चला" हे काकूंचं मागणं काकांनी शिताफीने चुकवलं. आधी मुलगी पोटात, मग ती कडेवर, मग तिच्या परीक्षा, मग काकूंचे गुडघे, मग स्वतःचे. पण आता काका गुरुवारी निवृत्त होणार होते आणि शेवटच्या महिन्यात घरच्यांसाठी एक पास फुकट मिळायचा. गार्डसाहेबांनी तो पास परस्पर काकूंच्या हातात दिला. भल्या माणसांकडूनच असे घात होतात.

सोमवारची गाडी ठरली. काकांची झोप उडाली. सरळ होतं, गाडी वळणावर येणार, काकू डावीकडे बघणार आणि तिथे घर नसणार. तळं तरी कानासारखं आहे की नाही देव जाणे, कानासारखं असं ते सांगून बसले होते. एकोणतीस वर्षं संध्याकाळी जिच्यासमोर बसून आपण बोललो, ती आता आपल्याकडे खोटारडा म्हणून बघणार, या विचारात त्यांचा चहा कपातच निवला. नोकरीत एक डाग नाही आणि शेवटच्या आठवड्यात घरात हा.

त्यात काकू रविवारी लोकरीची टोपी विणत बसलेल्या.

"ही कुणाला?"

"त्या बाईच्या नातवाला. गाडी तिथे हळू होते ना, खिडकीतून टाकेन खाली."

काकांनी टोपी उचलून बघितली. "अगं, बाळाचं डोकं एवढं मोठं?"

"आजोबांवर गेलंय," काकू म्हणाल्या आणि विणत राहिल्या.

सोमवारी काकांनी शेवटची युक्ती केली. काकूंना त्यांनी उजव्या बाजूला, कड्याच्या बाजूला, अगदी पुढच्या बाकावर बसवलं. "इथे ऊन लागत नाही," ते म्हणाले. काकूंनी गुमान ऐकलं, म्हणून काकांना जास्तच भीती वाटली. गाडी सुटली. पहिला बोगदा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या बोगद्यात दिवा बंद होता, आणि उजेड आला तेव्हा काकू डाव्या खिडकीत होत्या. तिथे बसलेले एक लठ्ठसे दातांचे डॉक्टर आता उजवीकडे बसून समोरच्या कड्याकडे बघत होते.

"बाईंनी विनंती केली," डॉक्टर म्हणाले, "नाही म्हणता येईना. तुम्ही यांना ओळखता?"

"थोडंफार," काका म्हणाले.

वळण आलं. दोन शिट्ट्या झाल्या. काकांचे हात चाकावर गेले, पाठ दरीकडे झाली, चाक अर्धं आवळलं गेलं. मागे डबाभर "अहाहा" उठलं. काकांनी डोळे मिटून घेतले. एक सेकंद. दोन सेकंद. आता ती घर शोधत असेल. तीन.

आणि तीन शिट्ट्या वाजल्या.

बारीक, टोकदार, एकामागून एक. काकांचे हात आपोआप फिरले आणि चाक गच्च आवळलं गेलं. चौथ्या डब्यातल्या ब्रेकवाल्यानेही आवळलं, तिसऱ्यातल्यानेही, दुसऱ्यातल्यानेही, पहिल्यातल्यानेही. एकशे बारा वर्षांत त्या वळणावर कधी न थांबलेली गाडी किंचाळत, धापा टाकत, वळणाच्या बरोबर मध्यावर उभी राहिली. दातांचे डॉक्टर आपल्या बाकावरून निघून समोरच्या बाकावर पोचले. कुणाचा तरी चहाचा थर्मास घरंगळत डब्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

काकांनी मान वळवण्याचा मोह टाळला. ती शिट्टी इंजिनाची नव्हती. ती साखरेच्या डब्याची होती.

"अगं," ते चाकाशीच बोलले, "तू वाजवलीस?"

"तुम्हाला वाजवली होती," मागून काकूंचा आवाज आला. त्यासुद्धा जरा घाबरल्या होत्या. "मला काय माहीत, अख्खी गाडी ऐकेल! मी बघतेय, बघतेय, तुम्हाला म्हणावं बघा बघा, तर तुम्ही आपले भिंतीकडे तोंड करून उभे. मागे वळा ना!"

"वळता येत नाही. खिट्टी बसत नाही. चाक धरावं लागतं."

"आज बसत नाही?"

"कधीच बसत नाही. आणि बसत होती तेव्हाही पुढच्या शिट्टीसाठी हात चाकावर ठेवूनच उभं राहावं लागायचं."

काकू काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागल्या. आता येणार, काकांनी ओळखलं, आणि मग त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. एकोणतीस वर्षं धरलेलं एकदमच सुटलं.

"तिथे घर नाहीये ना?" ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नाही. दोन शिट्ट्या होतात, मी पाठ करतो, संपलं. ती बाई, मिशा, नातू, सगळं मी रचलं. तू मग मग म्हणायचीस आणि मला थांबता आलं नाही. मी खोटं बोललो. एकोणतीस वर्षं रोज."

"बकरीसुद्धा?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांना बकरीबद्दल काहीच माहीत नव्हतं, पण काकू बोगद्यात जागा बदलताना बरंच बोलल्या असाव्यात.

"बकरीसुद्धा."

काकू भडकल्या. पण भलत्याच गोष्टीवर भडकल्या.

"रचलेलं होतं ते मला का माहीत नाही? सात सेकंदांत बकरीला ताप आलाय हे कुणाला दिसतं? मी काय खुळी आहे? तिला ताप आला त्याच दिवशी कळलं मला. पण मी म्हटलं, रोज एवढं सुंदर काहीतरी बघून येतो माणूस, त्यात चार गोष्टी भर घालून सांगतो, सांगू दे." त्यांचा आवाज चिरकला. "तुम्ही बघितलंच नाहीत? एकदाही? हजार वेळा गेलात आणि एकदाही नाही?"

"नाही."

"सरका."

"अगं, चाक..."

"सरका म्हणते ना!" काकूंनी पदर खोचला आणि चाकावर हात ठेवले. एकोणतीस वर्षं गाद्यांच्या चादरी पिळलेले ते हात होते. काकांनी आधी एक बोट उचललं, मग दुसरं. चाक तसूभर हललं नाही. "मी बघितलं पोटभर. आता तुम्ही बघा. आणि भराभर परत येऊ नका."

काका वळले.

ते खिडकीपर्यंत सावकाश गेले. प्रवाशांनी वाट करून दिली. काकांनी दोन्ही हात खिडकीच्या दांडीवर ठेवले, डोकं बाहेर काढलं, आणि डब्यात नुसती त्यांची पाठ उरली.

एवढ्यात खडीवरून पावलं वाजली. पुढून ड्रायव्हर आणि गार्डसाहेब धावत आले. "मी शिट्टी दिलेली नाही!" ड्रायव्हर लांबूनच ओरडत होता. "शपथ घेऊन सांगतो, मी दोनच दिल्या!" मागोमाग चार डब्यांतून चार डोकी बाहेर आली आणि चौघांनी शपथेवर सांगितलं की तीनच वाजल्या. गार्डसाहेब डब्यात चढले तर ब्रेकच्या चाकावर एक बाई आणि ब्रेकवाला खिडकीत.

"हे काय चाललंय?"

"शिट्टी मी मारली," काकू म्हणाल्या. "यांचा काही दोष नाही. तुम्ही आता मध्ये बोलू नका, ते बघतायत."

गार्डसाहेबांनी काकांच्या पाठीकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं. मग खिशातून वही काढली, कारण गाडी थांबली की कारण लिहावं लागतं. वहीत छापील कारणं होती, दरड, झाड, धुकं, इंजिनात बिघाड. ब्रेकवाल्याची बायको, असं कुठेच नव्हतं. ते पेन चावत उभे राहिले.

"खरं लिहिलं तर यांचा गुरुवार जाईल," ते शेवटी पुटपुटले. "आणि माझाही." त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "रुळावर... बकरी... आली."

काकूंना एवढं हसू फुटलं की चाक दोन इंच सुटलं आणि दातांच्या डॉक्टरांनी धावत येऊन दुसऱ्या बाजूने धरलं. काकांच्या पाठीने यातलं काहीही ऐकलं नाही.

"कुठल्या रंगाची लिहू?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"पांढरी," काकू म्हणाल्या. "जरा अशक्त. तापातून उठलीय."

गार्डसाहेबांनी तेही लिहिलं. मग ते उतरले, ड्रायव्हरला घेऊन पुढे गेले. जाताना ड्रायव्हरने काकूंकडे बघून हात जोडले.

एक शिट्टी झाली. काकूंनी आणि डॉक्टरांनी मिळून चाक उलटं फिरवलं, गाडी हलली. उरलेलं वळण हळूहळू संपलं, डोंगर परत मध्ये आला, डाव्या खिडकीतही काळा दगड सरकायला लागला. तरी काका तिथेच उभे.

काकू जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "कसं होतं?" त्यांनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. एक हात वर केला, हवेत थोडा फिरवला, आणि त्याचं पुढे काय करायचं ते न कळून खाली घेतला. "म्हणजे खाली ते..." ते म्हणाले. "आणि त्याच्या मागे..." काकू थांबून राहिल्या. मग, मग, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ज्या माणसाने मटारच्या एका टोपलीत अख्खं घर उभं केलं होतं, त्याला आता एक वाक्य जमेना.

"नाही गं सांगता येत," काका म्हणाले आणि बाहीने डोळे पुसायला लागले.

"आता बघितलंत," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून बाळाची टोपी काढली आणि काकांच्या डोक्यावर घालून दोन्ही हातांनी कानांपर्यंत ओढली. टोपी अगदी मापात बसली.